दीर्घ श्वसन व शिक्षकाचे मनःस्वास्थ्य

दुपारची सुट्टी संपून शाळा पुन्हा भरली आहे. द्विशिक्षकी शाळेतील एक शिक्षक बैठकीस गेलेले असल्यामुळे पहिली ते चौथीचे चारही वर्ग एकट्या गुरुजींपुढे बसले आहेत. सकाळची पहिली तासिका पोषण आहाराचा तांदूळ मोजून देण्यात गेली. तातडीने मागविलेली माहिती भरण्यासाठी ते मोबाईल घेऊन दोनदा पटांगणातील निंबाखाली जाऊन उभे राहिले, परंतु रेंज मिळाली नाही. घरी वृद्ध आई आजारी आहे. अशा वेळी तिसरीतील एक मुलगा फळ्यापाशी येतो, ९३ मधून ५७ वजा करावयास घेतो आणि कालच्याप्रमाणेच आजही उत्तर ४४ लिहितो. गुरुजींचा आवाज चढतो. हात उगारला जातो. मुलाचे लक्ष फळ्यावरून उडून त्या हातावर खिळते, आणि त्या दिवसापुरते तरी त्याचे गणित शिकणे संपते.

हे चित्र कोणा एका शाळेचे नाही. थोड्याफार फरकाने ते कोठेही दिसू शकेल. मुलाने चूक केली हे खरे. परंतु उगारलेल्या हातात जो आवेग होता तो त्या चुकीमुळे आलेला नव्हता. तो तांदळाच्या हिशेबाचा होता, न भरलेल्या माहितीचा होता, आईच्या आजाराच्या काळजीचा होता. मुलगा केवळ त्या वेळी समोर सापडला.

बालकांच्या मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हक्क अधिनियम, २००९ हा १ एप्रिल २०१० पासून अमलात आला. त्याच्या कलम १७ अन्वये मुलांना शारीरिक शिक्षा करण्यास व त्यांचा मानसिक छळ करण्यास मनाई आहे. तथापि मनाई ठाऊक असूनही आवाज चढतो, हात उचलला जातो, कारण रागाचा क्षण विचाराच्या आधी येतो. तो क्षण सांभाळण्यासाठी शिक्षकाजवळ काही साधन असावयास हवे. विनाखर्च, विनाउपकरण आणि कोणाच्याही लक्षात न येता वापरता येईल असे एक साधन म्हणजे संथ व दीर्घ श्वसन. त्याचे शास्त्र, त्याची रीत आणि त्याची मर्यादा समजावून देणे हा या पाठाचा उद्देश आहे.

१. ताण शरीरात कसा उमटतो?

शेताच्या बांधावरून जाताना पायाशी साप दिसला की माणूस विचार करावयास थांबत नाही. छाती धडधडू लागते, श्वास जलद होतो, हातापायांचे स्नायू ताठरतात, तोंडास कोरड पडते. स्वायत्त चेतासंस्थेचा अनुकंपी विभाग या वेळी जागा झालेला असतो आणि अधिवृक्क ग्रंथींतून ॲड्रेनलिन हे संप्रेरक रक्तात मिसळत असते. शत्रूशी लढण्यासाठी किंवा त्याच्यापासून पळण्यासाठी शरीराने केलेली ही सिद्धता होय. अमेरिकन शरीरक्रियाशास्त्रज्ञ वॉल्टर कॅनन यांनी १९१५ साली प्रसिद्ध केलेल्या आपल्या ग्रंथात तिचे विवेचन केले.

साप निघून गेला आणि माणूस चार पावले चालला की ही सिद्धता ओसरते. शाळेतील ताणाची गोष्ट निराळी आहे. तेथे कोणाशी लढावयाचे नसते व कोठे पळावयाचेही नसते. तरी शरीर तीच तयारी करते. अपुरी राहिलेली नोंदवही, एकाच वेळी चार इयत्तांचा गलबला, पालकाचे एखादे लागट बोलणे, अशा प्रत्येक प्रसंगी थोडा थोडा ताण चढतो. आधीचा उतरण्यापूर्वी पुढचा येऊन मिळतो. सायंकाळी मान व खांदे आखडणे, डोके जड होणे, घरी आल्यावर लहानसहान गोष्टींवर चिडणे आणि रात्री अंथरुणावर पडूनही झोप न येणे ही त्याची नित्य परिचयाची लक्षणे होत.

२. श्वासाचे वैशिष्ट्य

हृदयाची गती, जठराचे काम किंवा ग्रंथींचा स्राव यांवर माणसाची इच्छा थेट चालत नाही. ‘छातीची धडधड थांबव’ असे स्वतःस कितीही बजावले तरी ती थांबत नाही. श्वासाचे मात्र तसे नाही. झोपेतही तो आपोआप चालतो, आणि जागेपणी मनात आणल्यास तो हळू करता येतो, लांबविता येतो. म्हणून ज्या यंत्रणेस थेट हात लावता येत नाही, तिच्यापर्यंत श्वासाच्या वाटेने पोचता येते.

हे कसे घडते? श्वास आत घेतला जात असता हृदयाची गती किंचित वाढते, आणि तो बाहेर सोडला जात असता ती किंचित मंदावते. मेंदूपासून निघून हृदय, फुफ्फुसे व पचनेंद्रियांपर्यंत जाणारी व्हेगस नावाची चेता हृदयास विसावा देण्याचे काम करते, आणि उच्छ्वासाच्या वेळी तिचा प्रभाव अधिक असतो. यास्तव उच्छ्वास लांबविला म्हणजे विसाव्याचा काळ लांबतो. मनगटावरील नाडीवर बोटे ठेवून चार-पाच दीर्घ श्वास घेतल्यास हा फरक ज्याचा त्याला अनुभवता येईल. तरुणपणी तो स्पष्ट असतो. वय वाढते तसा तो पुसट होत जातो, म्हणून प्रौढ शिक्षकांस तो न जाणवल्यास त्यांनी काळजी करू नये.

प्राणायामाचा विचार आपल्याकडे फार प्राचीन आहे. पतंजलींच्या योगसूत्रांत अष्टांगांपैकी एक अंग म्हणून तो सांगितला आहे. त्याला प्रयोगशाळेत आणण्याचे कार्य महाराष्ट्रात घडले, ही अभिमानाची गोष्ट होय. अमळनेर येथे अध्यापन केलेल्या स्वामी कुवलयानंदांनी १९२४ साली लोणावळ्यास कैवल्यधाम ही संस्था स्थापन केली, क्ष-किरण व दाबमापक यांच्या साहाय्याने यौगिक क्रियांचे परीक्षण केले आणि ‘योगमीमांसा’ या नियतकालिकातून त्याचे निष्कर्ष प्रसिद्ध केले.

अलीकडील दोन अभ्यासही ध्यानात घेण्याजोगे आहेत. इटलीतील पाविया येथील संशोधकांनी २००१ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, जपमाळेवरील लॅटिन प्रार्थना आणि ‘ॐ मणिपद्मे हुम्’ हा मंत्र म्हणताना श्वासाची गती मिनिटास सुमारे ६ वर येते व त्यामुळे हृदयाचे नियमन सुधारते असे आढळले. धर्म निराळे, भाषा निराळ्या. परंतु सावकाश म्हणण्याची लय एकच. अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठातील संशोधकांच्या २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात सुमारे शंभर व्यक्तींनी महिनाभर रोज ५ मिनिटे निरनिराळ्या रीतींचा सराव केला. त्यांपैकी लांब उच्छ्वासावर भर देणाऱ्या गटाची मनःस्थिती अधिक सुधारल्याचे दिसून आले.

३. एक गैरसमज आणि एक गणित

‘दीर्घ श्वास घेतल्याने शरीरास पुष्कळ अधिक प्राणवायू मिळतो व त्यामुळे बरे वाटते’ असा समज सर्वत्र आढळतो. तो बरोबर नाही. निरोगी माणसाच्या रोहिणीतील रक्त साध्या श्वसनानेही प्राणवायूने जवळजवळ पूर्ण भरलेले असते. भरलेल्या घागरीत आणखी पाणी कोठून मावणार?

पुढील उदाहरण फळ्यावर मांडून पाहावे. प्रौढ माणूस विश्रांतीच्या वेळी एका श्वासात सुमारे ५०० मिलिलिटर हवा घेतो. त्यांपैकी सुमारे १५० मिलिलिटर हवा नाक, घसा व श्वासनलिका यांतच राहते. उरलेली ३५० मिलिलिटर वायुकोशांपर्यंत पोचते. मिनिटास १५ श्वास धरल्यास वायुकोशांना ३५० × १५ = ५,२५० मिलिलिटर हवा मिळते. आता तोच माणूस मिनिटास केवळ ६ श्वास, परंतु प्रत्येक वेळी १,००० मिलिलिटरचा घेऊ लागला असे मानू. वायुकोशांना मिळणारी हवा ८५० × ६ = ५,१०० मिलिलिटर. म्हणजे हवा जवळजवळ तेवढीच मिळाली. लागणारे श्वास मात्र निम्म्याहूनही कमी झाले.

यावरून दोन गोष्टी स्पष्ट होतात. पहिली, या श्वसनाचा लाभ अधिक हवेत नसून संथ गतीत आहे. दुसरी, खोल श्वास भराभर घेणे हे हितकर नाही. तसे केल्यास रक्तातील कार्बन डायऑक्साइडचे प्रमाण प्रमाणाबाहेर घटते, मेंदूतील रक्तवाहिन्या आकुंचन पावतात, आणि चक्कर येणे, ओठांना व बोटांना मुंग्या येणे असे त्रास होतात. ‘खोल’ या शब्दाचा अर्थ ‘जोराने’ असा नाही, हे शिक्षकाने स्वतः लक्षात ठेवावे आणि विद्यार्थ्यांनाही सांगावे.

४. कृती

(१) खुर्चीवर, सतरंजीवर किंवा ओट्यावर पाठ सरळ परंतु सैल ठेवून बसावे. गळपट्टी घट्ट असल्यास सैल करावी. डोळे मिटावेत किंवा नजर खाली ठेवावी.

(२) एक हात छातीवर व दुसरा पोटावर, बेंबीच्या थोडा वर ठेवावा. श्वास आत घेताना पोटावरील हात पुढे सरकावा व छातीवरील हात शक्य तो स्थिर राहावा. फुफ्फुसांच्या खाली असणारे घुमटाकार श्वासपटल खाली सरकले म्हणजे पोट पुढे येते. पाळण्यात झोपलेल्या तान्ह्या मुलाचे पोट असेच वरखाली होत असते. मोठेपणी घाईत व काळजीत ही रीत मोडते आणि श्वास छातीच्या वरच्या भागातच घुटमळतो.

(३) नाकाने सावकाश श्वास घेत मनात १ ते ४ अंक मोजावेत. घड्याळाच्या सेकंदकाट्याच्या एका टिकटिकीस एक अंक असा वेग ठेवावा.

(४) मध्ये श्वास कोंडू नये. १ ते ६ अंक मोजीत तो नाकाने हळूहळू सोडावा. शेवटी पोट आपोआप आत जाईल. ते ओढून आत घेऊ नये. सोडताना खांदे व जबडा सैल झाले आहेत ना, इकडे लक्ष द्यावे.

(५) अशा एका श्वासास १० सेकंद लागतात. म्हणजे मिनिटास ६ श्वास होतात. एका बैठकीत ५ मिनिटे, म्हणजे ३० श्वास पुरेत. प्रारंभी ४ व ६ अंक जड वाटल्यास ३ व ४ अंकांनी सुरुवात करावी आणि आठ-दहा दिवसांनी वाढवावे. अंकांसाठी धाप लागू देऊ नये.

(६) मन भटकले तर ते चुकले असे समजू नये. मुलाला बोट धरून ओळीत परत आणावे तसे ते अंकांवर परत आणावे.

५. शाळेच्या दिनक्रमात याचे स्थान

सकाळी शाळेचे कुलूप काढण्यापूर्वी किंवा घरून निघण्यापूर्वी ५ मिनिटांचा सराव करावा. ही बैठक नियमाने झाली तरच पुढील प्रसंगी तिचा उपयोग होतो. पोहणे शांत पाण्यात शिकावे लागते; पुरात पडल्यावर ते शिकता येत नाही. त्याचप्रमाणे राग आल्यानंतर प्रथमच दीर्घ श्वास घेऊ म्हटल्यास तो आठवतही नाही.

दिवसभरात सरावाच्या काही ठरलेल्या खुणा असाव्यात. तासिका बदलताना फळा पुसून झाला की एक श्वास, वह्यांचा गठ्ठा पुढे ओढला की एक श्वास, फोन घेण्यापूर्वी एक श्वास. यासाठी वेगळा वेळ काढावा लागत नाही.

आणि प्रत्यक्ष रागाच्या वेळी? तेव्हा मोजणी, आसन, मिटलेले डोळे यांपैकी काहीही शक्य नसते. त्या वेळी एकच नियम पाळावा: आधी श्वास सोडावा, मग बोलावे. राग आलेला माणूस श्वास छातीत भरून धरीत असतो. तो सोडणे ही पहिली पायरी. मुलाकडे न पाहता फळ्याकडे पाहून असे तीन लांब उच्छ्वास सोडण्यास अर्धे मिनिटही लागत नाही, आणि वर्गास गुरुजी विचार करीत आहेत असेच वाटते.

६. विद्यार्थ्यांसाठी

मुलांचा श्वास स्वभावतःच मोठ्यांपेक्षा जलद असतो. त्यांच्यावर ४ व ६ अंकांचे बंधन घालू नये. त्यांना खेळातून शिकवावे. तळहातावर रुईची म्हातारी ठेवून ‘ती हलली पाहिजे पण उडता कामा नये’ अशी फुंकर घालावयास सांगावी. कागदाची अरुंद पट्टी ओठांपुढे धरून ती जास्तीत जास्त वेळ थरथरत ठेवण्याचा खेळही मुलांना आवडतो. यात लांब उच्छ्वास आपोआप साधतो. परिपाठातील प्रार्थना घाईने न उरकता, ओळ पुरी होईपर्यंत आवाज टिकवून म्हणवून घेतल्यास तिच्यातूनही हाच सराव होतो. परीक्षेपूर्वी किंवा स्पर्धेपूर्वी घाबरलेल्या मुलास ‘घाबरू नकोस’ असे सांगण्यापेक्षा त्याच्या शेजारी बसून त्याच्यासह चार श्वास घेणे अधिक उपयोगी पडते.

मात्र एक पथ्य कटाक्षाने पाळावे. दंगा करणाऱ्या मुलास शिक्षा म्हणून श्वसनास बसवू नये. जे शिक्षा म्हणून दिले जाते ते मूल पुढे आपण होऊन कधी करीत नाही.

७. दक्षता व मर्यादा

दमा, हृदयविकार किंवा फेफरे असणाऱ्यांनी, गरोदर भगिनींनी आणि नुकतीच पोटाची वा छातीची शस्त्रक्रिया झालेल्यांनी डॉक्टरांचा सल्ला घेऊन सराव करावा. चक्कर येऊ लागल्यास किंवा गुदमरल्यासारखे वाटल्यास सराव तत्काळ थांबवून नेहमीचा श्वास चालू द्यावा. रक्तदाबाची अथवा अन्य कोणतीही औषधे चालू असल्यास ती श्वसनाच्या भरवशावर बंद करू नयेत. छातीत कळ येणे हे ताणाचे लक्षण समजून श्वास मोजीत बसणे धोक्याचे आहे. अशा वेळी विनाविलंब दवाखाना गाठावा.

कित्येक आठवडे झोप नाही, कशातच मन रमत नाही, जगणे नकोसे वाटते, अशी अवस्था असेल तर ती केवळ नित्याच्या ताणाची नव्हे. तेथे उपचारांची गरज असते आणि ते घेण्यात कमीपणा नाही. केंद्र शासनाच्या टेली-मानस या सेवेच्या १४४१६ या क्रमांकावर विनामूल्य बोलता येते. मराठीतूनही बोलण्याची सोय आहे.

आणखी एक गोष्ट स्पष्ट सांगितली पाहिजे. श्वसनाने कामाचा बोजा घटत नाही. रिक्त जागा भरली जात नाही, गळके छप्पर दुरुस्त होत नाही, आणि चार वर्गांचा एक वर्ग होत नाही. या अडचणी केंद्राच्या शिक्षण परिषदेत व वरिष्ठांपुढे लेखी मांडावयाच्या असतात, आणि त्या मांडणे हे शिक्षकाचे कर्तव्यच होय. दीर्घ श्वसन सांगून कोणी त्या अडचणी झाकू पाहील तर ते योग्य होणार नाही. स्थिर चित्ताने मांडलेले म्हणणे अधिक नेमके असते, एवढा उपयोग मात्र तेथेही होतो.

८. समारोप

आता प्रारंभीच्या वर्गाकडे पुन्हा वळावे. मुलाने ४४ लिहिले आहे. गुरुजींच्या छातीत श्वास अडकला आहे. ते फळ्याकडे वळतात, श्वास सोडतात. पुन्हा एक, पुन्हा एक. आणि आता ४४ हा आकडा त्यांना दिसतो. मघापर्यंत त्यांना फक्त चूक दिसत होती. आता तिचे कारण दिसते. तीनमधून सात जात नाहीत म्हणून मुलाने सातांतून तीन वजा केले आहेत, आणि नवांतून पाच. त्याने आपल्या परीने विचार केला आहे. दशक सोडावयाचा असतो एवढेच त्याला उमगलेले नाही. गुरुजी कपाटातून काड्यांचे नऊ गठ्ठे व तीन सुट्या काड्या काढतात. एक गठ्ठा मुलाच्या हाती देऊन म्हणतात, “बाळ, याचा दोरा सोड पाहू.” तीन सुट्या काड्यांच्या तेरा होतात. सात बाजूस काढल्या, सहा उरल्या. उरलेल्या आठ गठ्ठ्यांतून पाच काढले, तीन उरले. मुलगा स्वतःच ४४ पुसून ३६ लिहितो.

तांदळाचा हिशेब अजून व्हावयाचा आहे, माहिती भरावयाची आहे, आईस दवाखान्यात न्यावयाचे आहे. यांतील काहीही तीन श्वासांनी बदललेले नाही. परंतु तिसरीतील एका मुलास आज वजाबाकी आली, आणि उद्या फळ्यापाशी येताना तो गुरुजींच्या हाताकडे पाहणार नाही.

स्वाध्याय

(१) आठवडाभर रोज एकाच ठरावीक वेळी, शांत बसून, एका मिनिटातील आपल्या श्वासांची संख्या मोजावी व वहीत नोंदवावी. सरावानंतर तीत काय फरक पडतो ते पाहावे.

(२) आठवड्यात आपणांस वर्गात राग आला असे प्रसंग आठवून लिहावेत. प्रत्येक प्रसंगापुढे त्या रागाचे खरे कारण मुलात होते की अन्यत्र, हे प्रामाणिकपणे नोंदवावे. ही नोंद कोणास दाखविण्याची आवश्यकता नाही.

(३) परिच्छेद ३ मधील गणित मिनिटास १० श्वास व प्रत्येक श्वासास ७०० मिलिलिटर हवा असे मानून सोडवावे. वायुकोशांना मिळणाऱ्या हवेची तुलना आधीच्या दोन उत्तरांशी करावी.

(४) विद्यार्थ्यांकडून वारंवार होणारी एक चूक निवडून तिच्यामागे मुलाचा कोणता विचार असावा, यावर केंद्राच्या शिक्षण परिषदेत चर्चा करावी.

(५) परिपाठातील प्रार्थना संथ लयीत म्हणवून घेण्यासाठी कोणत्या अडचणी येतात व त्या कशा दूर करता येतील, यावर दहा ओळी लिहाव्यात.